बालीच्या ज्वालामुखीसाठी जमवलेलं सामान, ॲप्स आणि पॉलिसी: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते, मग तपशील. बालीसाठी जे काही जमवलं, त्यात सर्वांत जास्त कामाला आली ती दोन फुकट ॲप्स आणि विम्याच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं. सर्वांत महाग वस्तू म्हणजे ट्रेकिंगचे बूट, आणि त्यांच्याबद्दल माझं मत अर्धं चांगलं, अर्धं वाईट आहे. हेडलॅम्प उत्तम. बाकीचं बरंचसं इंदूरलाच ठेवलं असतं तरी काही अडलं नसतं.

खरेदी थंडीत झाली, सहल मेमध्ये, आणि तेव्हापासून पावसाळाभर हेच सामान इंदूरजवळच्या महूच्या आसपास वापरते आहे. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, नणंद आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा. बातूर या ज्वालामुखीचा डोंगर, तुलांबेनच्या किनाऱ्यावर डायव्हिंग आणि नदीत राफ्टिंग असा बेत होता. हे तीनही प्रकार एजंटच्या पॅकेजमध्ये एका रंगीत पानावर ओळीने छापलेले असतात. कशानंतर काय करायचं नाही, हे मात्र त्या पानावर कुठेच नसतं.

मॅग्मा इंडोनेशिया

इंडोनेशियाच्या भूगर्भ खात्याचं हे ॲप, संकेतस्थळही आहे. देशातल्या ज्वालामुखींची स्थिती त्यावर चार पायऱ्यांत दिसते: लेव्हल १ नॉर्मल, २ वास्पादा, ३ सियागा, ४ आवास. नकाशावर डोंगरावर बोट ठेवलं की त्याचा ताजा अहवाल उघडतो: किती भूकंप नोंदले गेले, विवरातून धूर किती उंच गेला, वगैरे. मी फेब्रुवारीपासून रोज सकाळी चहाबरोबर बातूर आणि बालीचाच दुसरा ज्वालामुखी आगुंग बघायला लागले. घरात चेष्टा झाली, पण सवय लागली.

भाच्याने विचारलं, "मामी, लेव्हल एक म्हणजे जायला मोकळं ना?"

तसं नाही, आणि या ॲपबद्दल मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. पायरीचा आकडा म्हणजे डोंगराचा साधारण स्वभाव, आजची हमी नव्हे. जपानमधला ओंताके सप्टेंबर २०१४ मध्ये फुटला तेव्हा तो जपानच्या पाच पायऱ्यांच्या मोजणीत सर्वांत खालच्या, पहिल्या पायरीवर होता. सुटीचा दिवस, दुपारची वेळ, वर ट्रेकर्सची गर्दी. साठाहून जास्त माणसं गेली. असे स्फोट वाफेचे असतात. जमिनीतलं पाणी खालच्या उष्णतेने एकदम वाफ होऊन खडक फोडतं, त्यामुळे लाव्हा वर येताना जशी आधी चाहूल लागते तशी इथे लागेलच असं नाही.

दुसरं उदाहरण इंडोनेशियातलंच. सुमात्रा बेटावरचा मारापी डिसेंबर २०२३ मध्ये फुटला आणि वर गेलेले वीसहून जास्त गिर्यारोहक मेले. तो डोंगर २०११ पासून दुसऱ्या पायरीवर होता आणि विवरापासून ३ किलोमीटरच्या आत जाऊ नका, असं ज्वालामुखी केंद्र सांगत होतं. तरी वर जायची वाट उघडी होती. म्हणजे वाट उघडी आहे, तिकीट मिळतंय, गाइड तयार आहे, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. अहवालाच्या तळाशी 'रेकोमेंदासी' नावाचा परिच्छेद असतो, त्यात किती अंतराच्या आत जायचं नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पायरीपेक्षा तो परिच्छेद वाचा. इंडोनेशियन भाषेत असतो, फोनवरच्या भाषांतराने काम भागतं.

आम्ही गेलो तेव्हा बातूर पहिल्या पायरीवर होता. तरी माथ्यावर सूर्योदय बघून फोटो काढले आणि निघालो, विवराच्या काठाने फेरी मारली नाही. वर वाफेच्या भेगांमध्ये गाइड लोक अंडी आणि केळी उकडून देतात, ते मजेचं आहे. पण अशा ठिकाणी खोलगट जागेत बूड टेकून बसू नये. ज्वालामुखीतून येणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही.

बीएमकेजी

हे त्यांच्या हवामान खात्याचं ॲप. पाऊस, भूकंप आणि समुद्र, तिन्ही एका ठिकाणी. पावसाच्या अंदाजाबद्दल फार काही म्हणणं नाही, डोंगराळ बेटावर तो जितपत खरा ठरायचा तितपत ठरतो. लाटांचा अंदाज मात्र सोन्यासारखा. मासेमारीच्या लहान होड्यांसाठी १.२५ मीटरच्या वरच्या लाटांचा आणि फेरीबोटींसाठी २.५ मीटरच्या वरच्या लाटांचा इशारा ते वेगवेगळा देतात. बालीच्या दक्षिण किनाऱ्यावर थेट हिंदी महासागर येऊन आदळतो आणि मे ते सप्टेंबर, म्हणजे पर्यटकांचा कोरडा हंगाम, हाच तिकडे मोठ्या लाटांचा काळ. आकाश निळं, ऊन स्वच्छ आणि समुद्र खवळलेला. आपल्या माळव्यातल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे वाईट हवा म्हणजे ढग आणि पाऊस.

नुसा पेनिदा बेटावर जायच्या दिवशी इशारा होता. सानुरच्या धक्क्यावर बोटवाला म्हणाला, रोजच असं असतं. आम्ही गेलो नाही. पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्याचं मला अजूनही फारसं वाईट वाटत नाही. नणंदेला मात्र अजून वाईट वाटतं, हेही लिहायला हवं.

बूट

कंपनीचं नाव घेत नाही. मध्यम घोट्याचे, वॉटरप्रूफ, महाग. महूजवळच्या जानापाव डोंगरावर नेऊन चांगले रुळवले. इंदूरकरांना वेगळं सांगायला नको, पण आपला सगळा माळवाच लाव्ह्याचा आहे; साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट आणि त्याचीच झालेली काळी माती. म्हणून मला वाटलं होतं की जानापाव म्हणजे बातूरची रंगीत तालीम. तसं नाही. आपला दगड थंड होऊन पक्का झालेला आहे. बातूरच्या शेवटच्या चढावर सुटी, हलकी, भोकाभोकाची खडी असते. पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. त्याची तालीम करायची तर महूच्या बाजूला मुरमाच्या उतारावर चढ-उतार करा, पायऱ्यांवर नको.

बातूर १७१७ मीटर. पायथ्याच्या तळ्याकाठून अंधारात निघालं की दोनेक तासांत माथा. चढताना बूट छान वागले, घोटा एकदाही मुडपला नाही. उतरताना बोटं पुढे आपटत राहिली आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. उताराच्या ट्रेकसाठी बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा आणि घोट्याजवळ नाडीला जास्तीचा फास देऊन टाच मागे पक्की करावी, हे दुकानात कोणी सांगितलं नाही. बुटात खडी जाऊ नये म्हणून गेटर घेतले होते. साधं कापडी प्रकरण, पण पैसे वसूल. नवऱ्याने घेतले नाहीत, तो वाटेत थांबून बूट झटकत होता.

पावसाळ्यात मात्र डाव्या बुटाचा तळ पुढून सुटायला लागला. तक्रार केली, उत्तर आलं की पाण्यात वापरल्याने झालं. वॉटरप्रूफ बुटाबद्दल हे उत्तर! शेवटी राजवाड्याजवळच्या चांभारकाकांनी चिकटवून वर शिवूनही दिला, आता ठीक आहे.

हेडलॅम्प, मास्क, गॉगल

हेडलॅम्प तीनशे ल्युमेनचा, लाल दिव्याची सोय असलेला. रांगेत चालताना मागे वळून कोणाशी बोललं तर पांढरा झोत त्याच्या डोळ्यांत जातो, लाल जात नाही. पहाटे वर चांगलीच थंडी असते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून सुटी बॅटरी खिशात अंगाजवळ ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच लागते, चेक-इनमध्ये नाही.

एन-९५ मास्क आणि चारी बाजूंनी बंद गॉगल राखेसाठी घेतले. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, बारीक दळलेला दगड आणि काच. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी चष्मा न्यावाच. राख आमच्या वाट्याला आली नाही, उतरतानाच्या धुळीत मास्क लागला. गॉगलची खरी परीक्षा त्याआधी इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, झाली होती. गुलाल उडवायच्या यंत्राने, तिथल्या भाषेत मिसाइलने, उडवलेला गुलाल आत गेला नाही, म्हणजे राखही जाणार नाही, असं भाच्याचं शास्त्र.

सॅटेलाइट मेसेंजर घ्यावा असं परदेशी व्हिडिओंत सगळे सांगतात. आपल्याकडे परवानगीशिवाय तसलं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर अडकाल. आम्ही ऑफलाइन नकाशा, तिथलं सिमकार्ड आणि त्यांच्या शोध-बचाव दलाचा ११५ हा नंबर एवढ्यावर भागवलं. बालीत भारताचं वाणिज्य दूतावासही आहे, त्याचा नंबर चौघांच्याही फोनमध्ये होता.

क्रम

हे सामान नाही, पण मी वापरून पाहिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट. तुलांबेनला लिबर्टी नावाच्या अमेरिकी जहाजाचे अवशेष पाण्यात आहेत. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने ते फोडलं, मग ते किनाऱ्यावर ओढून ठेवलं गेलं आणि १९६३ मध्ये आगुंगच्या उद्रेकाच्या हादऱ्यांनी पुन्हा समुद्रात सरकलं. किनाऱ्यावरून चालत जाऊन डाइव्ह करता येतो, म्हणून नवशिक्यांत लोकप्रिय. एजंटने आम्हाला दुपारी तुलांबेन आणि त्याच रात्री बातूर असं लावून दिलं होतं, कारण रस्ता सोयीचा.

डाइव्हनंतर विमानात बसायला एका डाइव्हसाठी १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्हसाठी १८ तास थांबावं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होऊन अपाय करू शकतो, आणि त्याला विमान आणि डोंगर यातला फरक कळत नाही. तो नियम साधारण सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो आणि बातूरचा माथा त्याच्या जवळपास तिप्पट आहे. म्हणून आम्ही उलटं केलं: आधी डोंगर, मग समुद्र, मग पाण्यात न उतरता एक पूर्ण कोरडा दिवस, मग विमान. तो कोरडा दिवस राखेसाठीही उपयोगी. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंगमुळे बालीचा विमानतळ बंद पडला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दूर फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीच्या राखेने बालीची विमानं रद्द झाली. इंदूरहून थेट विमान नाहीच, त्यामुळे एक फ्लाइट गेली की पुढची जोडणीही जाते.

राफ्टिंग आम्ही हंगाम आणि आदल्या रात्रीचा पाऊस बघून ठरवलं. जुलै २०११ मध्ये महूजवळच्या पातालपानी धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ ज्याने पाहिला आहे, त्याला वरच्या बाजूला पडलेला पाऊस खाली कसा येतो हे समजवावं लागत नाही.

पॉलिसी

साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा नसतात, वेगळे पैसे भरून जोडावे लागतात. जोडल्यावरही अटी उरतात: ट्रेकला उंचीची मर्यादा, डायव्हिंगला खोलीची मर्यादा आणि प्रशिक्षक सोबत असण्याची अट. स्कूटरसाठी लायसन्सवर दुचाकीचा वर्ग हवा आणि आरटीओकडचं आंतरराष्ट्रीय परमिट हवं, नाहीतर अपघाताचा दावा फेटाळला जाऊ शकतो. नवऱ्याच्या लायसन्सवर फक्त मोटार होती, म्हणून आम्ही गाडी ड्रायव्हरसकट घेतली. आणि एक: उद्रेकाची बातमी आल्यानंतर काढलेली पॉलिसी बहुधा त्या उद्रेकाचं नुकसान देत नाही. तिकिटाबरोबरच काढा.

फोनवर गोड बोलणाऱ्या माणसाने "सगळं कव्हर आहे मॅडम" सांगितलं. मी तेच प्रश्न मेलवर विचारले, तेव्हा उत्तर बरंच लहान झालं.

भाच्याला आता शेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी ज्वालामुखी हवा आहे. तो ३७२६ मीटर, पावसाळ्यात साधारण जानेवारी ते मार्च बंद असतो, म्हणजे एप्रिलच्या पुढेच. आमच्या पॉलिसीची उंचीमर्यादा त्याला पुरत नाही. कंपनीला मेल टाकली आहे, लेखी उत्तर आलं की तिकिटांचं बघू.