बाणेरचं स्टार्टअप वर्कशॉप: पैसे वसूल

बाणेरला एका को-वर्किंगमधे रविवारचं वर्कशॉप केलं, फी दीड हजार, विषय प्रॉडक्ट प्लॅन आणि बिझनेस प्लॅन. बरेच जण दोन्ही एकच समजतात आणि फीचर्सची लिस्ट घेऊन थेट बँकेत जातात. इथे सरांनी हिंजवडीच्या आयटीवाल्यांसाठी डब्याचं ॲप असं उदाहरण घेतलं, आधी प्रॉडक्ट प्लॅन म्हणजे डबा कोणाला हवाय, आजची अडचण काय, पहिल्या व्हर्जनमधे काय ठेवायचं आणि काय सरळ कापायचं, मग बिझनेस प्लॅनला फळ्यावर आकडेच मांडले. डबा १२० रुपये, किचनला ८५, डिलिव्हरी २५, पेमेंटचे २ टक्के म्हणजे २.४०, हातात राहिले ७.६०. महिन्याचा फिक्स खर्च ३८ हजार धरला तर नुसतं ब्रेक इव्हन (ना नफा ना तोटा) व्हायलाच महिन्याला ५,००० डबे! वर्गात एकदम शांतता. ॲप कितीही भारी असू दे, हे गणित बसलं नाही तर धंदा उभा राहत नाही, हे इतकं स्पष्ट मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

पीएमईजीपी म्हणजे नवीन धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना, तिच्यासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो, तोही बिझनेस प्लॅनच, त्यात सर्व्हिसला प्रोजेक्ट कॉस्टची मर्यादा २० लाख आणि मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाख, हेही सांगितलं.

बॅच मात्र फार मोठी, शंका विचारायला वेळच मिळत नाही, आणि कॅश फ्लो (पैसा कधी येतो, कधी जातो) शेवटी घाईत उरकला, खरं तर तोच निवांत शिकवायला हवा होता. एक्सेल शीट देतात, ती मस्त आहे. लॅपटॉप घेऊनच जा.