नव्वदीच्या अखेरच्या मालिका: कोणते भाग बघावेत, कोणत्या प्रतीत बघावेत

१९९६ ते १९९९ या काळातल्या अमेरिकन मालिका पुन्हा काढून बघणार असाल, तर कृपा करून पहिल्या सीझनच्या पहिल्या भागापासून सुरू करू नका. चार भागांत कंटाळाल आणि जुनं सगळं उगाच डोक्यावर घेतलंय म्हणाल. अख्खी मालिका म्हणून यातलं फार थोडं टिकलंय. सुटे भाग मात्र असे आहेत की आजही एडिटिंग टेबलवर नवीन मुलं आली की मी आधी तेच लावते. पोट त्याच धंद्यावर असल्यामुळे माझी नजर गोष्टीपेक्षा कट कुठे मारलाय आणि फ्रेम कुठे कापलीय इकडेच जाते. हा आढावा त्याच नजरेचा आहे.

तेव्हा एका सीझनमध्ये साधारण २२ भाग असत. सप्टेंबरच्या सुमाराला सुरू करून मे महिन्यापर्यंत रेटायचं. त्यातले सहा-सात भाग सरळ भरताड, हे मान्यच करायला हवं. पण एवढा मोठा रतीब घालायचा म्हटलं की लेखक-दिग्दर्शकाला एखाद्या आठवड्यात वेडेपणा करायची मोकळीक मिळे. एक भाग फसला तरी काही बिघडत नसे, पुढच्या आठवड्यात दुसरा होताच. आताच्या आठ भागांच्या मालिकेत ही चैन नाही. तिथे भाग म्हणजे लांबलचक सिनेमाचा तुकडा, कुठेही तोडा.

‘द एक्स-फाइल्स’चा सहावा सीझन घ्या. १५ नोव्हेंबर १९९८ ला ‘ड्राइव्ह’ लागला: एका तिरसट माणसाच्या डोक्यात असा दाब वाढतोय की गाडी पश्चिमेकडे धावत राहिली तरच तो जगेल. एफबीआयचा तपास अधिकारी मल्डर गाडी चालवतोय, मागे तो शिव्या घालतोय. हा माणूस म्हणजे ब्रायन क्रॅन्स्टन आणि लेखक विन्स गिलिगन. पुढे ‘ब्रेकिंग बॅड’साठी वाहिनीवाले या विनोदी नटाला घ्यायला कां-कू करत होते, तेव्हा गिलिगनने त्यांना हाच भाग दाखवला. माणूस नकोसा वाटतो आणि तरी त्याने मरू नये असंही वाटतं, हे त्या मागच्या सीटवर सिद्ध झालेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात ‘ट्रायँगल’. १९३९ सालच्या जहाजावर मल्डर, आणि लांबच लांब शॉट्स, त्यांतले कट लपवलेले. त्याची सहकारी स्कली एफबीआयच्या इमारतीत लिफ्टमधून वर-खाली करत, या खोलीतून त्या खोलीत धावते, तो तुकडा मी किती वेळा थांबवून बघितलाय देव जाणे. शेवटाकडे पडदा दुभंगतो आणि १९३९ ची स्कली आणि १९९८ ची स्कली एकमेकींना ओलांडून जातात. गोष्ट तशी पोकळच आहे. पण सलग दोन आठवड्यांत एकाच मालिकेत बंद गाडीतली घुसमट आणि मग हा थाटमाट! याला म्हणायचं छाती.

या सगळ्यांत माझा पहिला नंबर मात्र ‘होमिसाइड’ या पोलिसी मालिकेतल्या ‘सबवे’चा. डिसेंबर १९९७. बाल्टिमोरमध्ये एक माणूस भुयारी रेल्वे आणि फलाटाच्या फटीत कमरेपर्यंत अडकलाय. तो शुद्धीवर आहे, बोलतो, चिडतो. गाडी हलवली की संपला. पोलिसांना त्याला कोणी ढकललं ते शोधायचंय, म्हणजे मेलेल्याऐवजी जिवंत माणसाच्या खुनाचा तपास करायचाय. आंद्रे ब्राउअरने रंगवलेला पोलीस पेंबल्टन त्याच्याशेजारी बसतो, आणि व्हिन्सेंट डिऑनोफ्रिओने त्या माणसाला अजिबात गोड केलेलं नाही. मरणारा माणूस शहाणपणाचं काही बोलेल म्हणून आपण वाट बघतो आणि तो मात्र भांडतच राहतो. वर दोन पोलीस त्याच्या मैत्रिणीला शोधत फिरतायत, ती धावायला बाहेर पडलीय. बस, एवढंच कथानक.

ही मालिका १६ मिमी फिल्मवर, कॅमेरा हातात धरून चित्रित व्हायची. एकच वाक्य किंवा हालचाल दोन-तीनदा लागोपाठ दाखवणारे तिचे जंप कट प्रसिद्ध आहेत (माझ्या एका सरांना ते चूक वाटत, पुढे त्यांनीच एका जाहिरातीत वापरले). ‘सबवे’ला पीबडी हा अमेरिकेतला मानाचा प्रसारण पुरस्कार मिळाला. गाण्यांच्या हक्कांच्या गुंत्यामुळे ही मालिका स्ट्रीमिंगवर यायला २०२४ उजाडलं, त्यामुळे मधल्या पिढीला तिचं नावही ठाऊक नाही.

भयकथेत ‘बफी’चा ‘हश’, डिसेंबर १९९९. गावातल्या सगळ्यांचा आवाज चोरीला जातो आणि निम्म्याहून जास्त भाग संवादांशिवाय चालतो. त्यातली ती हसरी, जमिनीपासून वीतभर वर तरंगत येणारी पिशाच्चं अजूनही रात्री एकटीने बघवत नाहीत. खटकेबाज संवादांसाठी नावाजलेल्या मालिकेने संवादच काढून घ्यावेत, आणि लेखनाचं एमी नामांकन त्याच भागाला मिळावं!

विनोदात ‘फ्रेझर’चा ‘द स्की लॉज’, १९९८. आपल्याकडची दारांच्या उघडमिटीवर चालणारी फार्स नाटकं आवडत असतील तर हा भाग हक्काचा. एका घरात पाच-सहा जण, प्रत्येकाचा जीव चुकीच्या माणसावर जडलेला. ‘साइनफेल्ड’चा उलट्या क्रमाने सांगितलेला ‘द बिट्रेयल’ बघा, पण त्यातल्या भारताकडे काणाडोळा करा. ‘स्पोर्ट्स नाइट’च्या पहिल्या सीझनमध्ये वाहिनीने लाफ ट्रॅक, म्हणजे मागून वाजणारं आयतं हसू, लादला होता. वेगात चाललेल्या संवादांत मध्येच कुठून तरी अदृश्य माणसं खिदळतात, कान किटतात. थोडं सोसा, हळूहळू तो हसणारा घोळका कमी होत जातो.

विज्ञानकथेत ‘डीप स्पेस नाइन’चा ‘इन द पेल मूनलाइट’, एप्रिल १९९८. कॅप्टन सिस्को कॅमेऱ्यात बघून कबुली देतो: युद्ध जिंकण्यासाठी खोटेपणा केला, त्यातून खून झाला. स्टार ट्रेकच्या सोज्वळ जगात हे म्हणजे देवघरात कोणी चप्पल घालून यावं तसं. ‘बॅबिलॉन ५’ मात्र सुटी बघता येत नाही. ११० पैकी ९२ भाग एकाच माणसाने लिहिलेत आणि गोष्ट पाच वर्षांची आधीच आखलेली. वेळ असेल तरच हात घाला.

आता प्रतीबद्दल, कारण खरी रड इथे आहे. या मालिका चौकोनी, म्हणजे ४:३ चौकटीसाठी रचलेल्या. आजच्या रुंद टीव्हीवर त्या भरायच्या म्हणून वरून-खालून कापतात किंवा बाजूचं जास्तीचं चित्र उघडं पाडतात. एका मोठ्या स्ट्रीमिंग सेवेवर ‘साइनफेल्ड’चा खड्ड्यावरचा भाग लागला, त्यात विनोद ज्या खड्ड्यावर होता तो खड्डाच फ्रेमबाहेर गेला! ‘बफी’च्या रुंद प्रतीत कडेला शूटिंगची माणसं दिसतात आणि काही रात्रींचा चक्क दिवस झालाय, कारण दिवसा घेतलेल्या शॉटवर रात्रीचा रंग चढवायचाच राहिला. अशा वेळी जुनी डीव्हीडी शोधा. चित्र मऊ असेल, पण निदान आहे ते सगळं त्यात आहे.

‘डीप स्पेस नाइन’ची गोष्ट निराळी. चित्रण फिल्मवर, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट्स व्हिडिओ टेपवर. त्यामुळे स्वच्छ प्रत हवी तर मूळ फिल्मवरून प्रत्येक भाग नव्याने जुळवावा लागेल, अवकाशयानं नव्याने बनवावी लागतील. तो खर्च कोणी केलेला नाही. अंधुक दिसतंय म्हणून तुमच्या टीव्हीला दोष देऊ नका. याउलट ‘बॅबिलॉन ५’ची अलीकडची सुधारलेली प्रत शहाण्यासारखी परत ४:३ मध्ये आणलीय.

राहिला ‘सोप्रानोज’चा ‘कॉलेज’, फेब्रुवारी १९९९. माफिया टोळीतला बाप मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन जातो आणि वाटेत एका जुन्या खबऱ्याचा तारेने गळा आवळतो. वाहिनीला धास्ती होती की यानंतर प्रेक्षक त्याचं तोंड बघणार नाहीत. झालं उलटंच. सीझन १३ भागांचा, आणि मग हळूहळू सगळ्यांनीच तो आटोपशीर आकडा उचलला.

एकदम पाच तास बसून बघायची सवय असेल तर यातलं काही तुम्हाला मानवणार नाही. एका संध्याकाळी एकच भाग लावा. सुरुवात ‘ड्राइव्ह’ने करा, ‘सबवे’ सुट्टीच्या आदल्या रात्रीसाठी ठेवा.