केनी जी की ग्रोव्हर वॉशिंग्टन?

‘स्मूद जॅझ’, म्हणजे कानाला मऊ लागणारा, सोपा जॅझ, म्हटलं की जॅझचे जाणकार नाक मुरडतात. तो वाजवणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

सॅक्सोफोनवादक केनी जीचा ‘ब्रेथलेस’ (१९९२) हा अल्बम अमेरिकेत १ कोटी प्रतींहून जास्त खपला. सोप्रानो सॅक्सोफोनचा सूर गोड आणि स्वच्छ, पण साथीदार नुसते मागे उभे. दिवसभराच्या दगदगीनंतर हे ऐकून कुणाला बरं वाटत असेल, तर त्यात कमीपणा कसला? नाव खरं खराब झालं ते त्याने जॅझचा दिग्गज लुई आर्मस्ट्राँग याच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपला सॅक्सोफोन चढवला तेव्हा. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीने त्याला जाहीरपणे फैलावर घेतलं.

दुसरा सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर. त्याचा ‘वाइनलाइट’ (१९८०) हा अल्बम तितकाच मऊ, तरी जिवंत. मार्कस मिलरचा बास (खालच्या सुरांची गिटार) आणि स्टीव्ह गॅडचे ड्रम्स नीट ऐका: ग्रोव्हर एक वाक्य वाजवून थांबतो, त्या जागेत बास हळूच बोलतो, मग सॅक्सोफोन त्याच्यावरून पुढे जातो. आपल्याकडे गवई आणि तबलजी यांच्यात चालतो तसाच हा संवाद. बिल विदर्स गातो ते ‘जस्ट द टू ऑफ अस’ याच अल्बममधलं.

सुरुवात करायचीच असेल तर ‘वाइनलाइट’ घ्या, आणि हेडफोन लावून ऐका.