सहा, सहा, सहा, चार : आजारपणाच्या वहीत अभंगाचं माप, काही महिने वापरल्यावर

आषाढी एकादशीच्या आठवड्यात सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या. सोबत पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, ओढायचे पंप आणि एक शंभर पानी वही. दर चार तासांनी ऑक्सिजन किती, नाडी किती, मशीन किती लिटरवर, एवढं त्या वहीत लिहायचं. आजार सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा, सतत दम लागणारा जुनाट आजार. आयुष्यात कधी विडी-तंबाखूला शिवल्या नाहीत. चाळीस वर्षं चुलीपुढं बसल्या, तो धूर छातीत राहिला. आम्ही वाईला राहतो. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, आता अर्धा दिवसच जाते.

वहीच्या उजव्या पानावर आकडे. डावं पान कोरं. श्रावणात एका रात्री त्या कोऱ्या पानावर मी लिहायला लागले, आणि महिनाभरानं लिहिताना अभंगाचं माप वापरायला लागले. आता माघ संपत आलाय. घरात आजारी माणूस असलेल्या दोघीतिघींनी विचारलं, की कवितेच्या या गोष्टींचा खरंच काही उपयोग होतो का. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माप आधी सांगते, कारण ते साधं आहे. मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच धरायचं. लघु-गुरूची भानगड नाही, बोटांवर मोजता येतं. रात्री तीन वाजता, डोळे उघडत नसताना, मला एवढंच जमण्यासारखं होतं.

पण सुरुवातीचा महिनाभर मी मापात लिहीतच नव्हते. तेव्हाची पानं काढून वाचली तर काळरात्र, असह्य वेदना, काळजाचं पाणी असल्या शब्दांनी भरलेली आहेत. एकदा सासूबाईंनी विचारलं, काय लिहितेस गं एवढं? वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या,

"ही कोण बाई?"

"तुम्हीच की आई."

"मला न्हाई वळखू आली."

त्यांचं बोलणं मला लागलं. दुसऱ्या दिवशी त्या शब्दांवर काट मारताना लक्षात आलं, की त्या सगळ्या पानांत कुठंही नळी नव्हती, थुंकीचं भांडं नव्हतं, त्यांच्या नाकाच्या बाजूला नळीनं पडलेला वण नव्हता. माझं दुःख होतं फक्त, आणि तेही दुसऱ्यांच्या शब्दांत.

यातली एक गोष्ट मला मशीननं शिकवली. सीओपीडीच्या माणसाला ऑक्सिजन जास्त दिला म्हणजे जास्त बरं वाटेल असं नसतं. गरजेपेक्षा वाढवला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. म्हणून डॉक्टरांनी ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ च्या मधे ठेवायला सांगितलंय. रात्री त्यांची धाप बघवत नाही, हात मशीनच्या बटणाकडं जातो, आणि तो मागं घ्यावा लागतो. विशेषणांचंही माझ्या वहीत तेच झालं होतं. मी बटण फिरवत सुटले होते.

मग मापाकडं वळले. का वळले, ते सांगते. दम लागला की माणूस सलग बोलत नाही. सासूबाई दोन शब्द बोलतात, थांबतात, पुन्हा दोन शब्द. "चहा ठेव... पण साखर... नको जास्त." त्यांचं बोलणंच चरणांत तुटायला लागलं होतं. ते मी जसंच्या तसं लिहीत गेले आणि एकदा सहज अक्षरं मोजली. बऱ्या दिवशी त्यांचा एक श्वास पाच-सहा अक्षरं पेलायचा. वाईट दिवशी चार.

शाळेत तोंडपाठ केलेला तुकोबांचा अभंग तेव्हा मला नव्यानं ऐकू आला. 'रात्रंदिन आम्हां । युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग । आणि मन'. मोजून बघा, सहा, सहा, सहा, चार. लोक यातला 'युद्ध' हा शब्द उचलतात. मला मात्र वाटतं, सगळा ताण शेवटच्या चार अक्षरांत आहे. आधी रात्र आणि दिवस येतात, मग बाहेरचं जग, आणि श्वास संपत आला असताना 'आणि मन'. यादी संपली असं वाटतं तेव्हा मनाचं नाव निघतं, आणि त्यासाठी जागा उरते दोन अक्षरांची. दिवसभर दुसऱ्याचं करणाऱ्या बाईचं मन नेमकं त्याच ठिकाणी असतं. तुकोबांच्या पहिल्या बायकोला, रखमाबाईंना, दम्याचा त्रास होता आणि १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्या गेल्या, असं चरित्रांत सांगतात. हा अभंग त्यावर आहे असं मी म्हणत नाही. पण दम लागलेल्या माणसाशेजारी या माणसानं रात्री काढल्या असतील, असं मनात आल्यावर तो चौथा चरण मला त्या रात्रींपासून वेगळा वाटत नाही.

माझा पहिला जमलेला चौक असा :

कॉन्सन्ट्रेटरचा । रात्रभर सूर ।
त्यात आई दूर । झोपलेली ॥

'कॉन्सन्ट्रेटरचा' हा शब्द बरोबर सहा अक्षरांचा निघाला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मर्ढेकरांनी अभंग-ओवीच्या जुन्या मापात यंत्रयुगाचे शब्द बसवले, हे मी बारावीच्या पुस्तकात पाठ केलं होतं. ते का केलं असेल, हे मात्र हे मशीन घरात आल्यावर समजलं. त्याचा घूं-घूं आवाज आणि दर काही सेकंदांनी सुटणारा फुस्स, हाच आमच्या घराचा ठेका झालाय. त्याला वगळून लिहिलेली ओळ खोटी पडते.

सगळ्यात मोठा उपयोग कवितेबाहेर झाला. 'आज सहाचा दिवस', 'आज चारचा दिवस' असं आमच्या घरात बोललं जाऊ लागलं. कामावरून आल्यावर हे दारातच विचारतात, "आज किती?" मी म्हणते, "चार." मग ते आवाज न करता चपला काढतात आणि सासूबाईंना काही विचारत नाहीत, नुसते शेजारी बसतात. ऑक्सिमीटर ९० दाखवत असतं अशाही दिवशी चार असू शकतात. तो थकवा सांगायला आमच्याकडं आधी शब्द नव्हता.

आता ओवीबद्दल, कारण तिथं सासूबाई माझ्या गुरू आहेत. ज्ञानेश्वरीतली, म्हणजे ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची. तिथंही पहिले तीन चरण यमकानं बांधलेले आणि शेवटचा आखूड. जात्यावरची ओवी त्याहून मोकळी. सासूबाईंचं माहेर वाईच्या पश्चिमेला डोंगरात. लग्नाआधी त्या पहाटे आईबरोबर दळायला बसायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आता ग्रामीण भारताबद्दलच्या 'पारी' या संकेतस्थळावर येत असतात. त्यातल्या काही मी मोबाइलवर लावल्या. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच हात वर केला, म्हणजे थांबव. दम घेऊन म्हणाल्या, "आमच्याकडं... असं न्हाई. गं... शेवटाला येतो."

त्या 'गं'मुळं मला ओवीची मोठी सोय कळली. ओवी कुणाला तरी सांगितलेली असते. सये, बाई, मैनाबाई. समोर कुणी नसलं तरी सखी असते. जात्याच्या घरघरीत सासुरवास बोलता यायचा, तो माजघरात बोलता यायचा नाही. आणि 'पहिली माझी ओवी', 'दुसरी माझी ओवी' असं मोजत जायचं, म्हणजे न संपणाऱ्या दळणाला निदान आकडा मिळायचा. मला जे कुणाला सांगता आलं नव्हतं ते या सखीला सांगता आलं :

चार हाका रातीच्या गं, चारी हाकांला उठले
पाचवीला सये बाई, डोळे मिटून घेतले

हे खरं आहे. कार्तिकातली गोष्ट. पाचव्या हाकेला मी जागी होते आणि उठले नाही. ह्यांना उठावं लागलं. साध्या गद्यात हे लिहायला गेले असते तर पुढं कारणं लिहिली असती : दिवसभर काम होतं, पाठ दुखत होती. दोन ओळींच्या ओवीत कारणांना जागा नाही.

माझ्या नणंदेनं दिवाळीनंतर ही वही चाळली. आकडे बघायला उघडली होती, डावं पान दिसलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, फोनवर तर रोज सांगतेस की बरं आहे." मला वाटलं होतं ती रागावेल, आपल्या आईच्या हाकेला सून उठली नाही म्हणून. त्याऐवजी मार्गशीर्षापासून ती दर महिन्याला चार दिवस येऊन राहते आणि त्या रात्री मी वरच्या खोलीत दार लावून झोपते. एवढे महिने फोनवरून जे पोचलं नाही, ते बत्तीस अक्षरांतून पोचलं.

नाममुद्रा, म्हणजे शेवटी येणारं कवीचं नाव, हे तिसरं साधन. 'तुका म्हणे', 'म्हणे नामयाची जनी'. मी ते शेवटी शिक्का मारल्यासारखं समजत होते. वापरून बघितल्यावर कळलं, की आपणच आपल्याला दोन पावलं मागं जाऊन बघायची ती जागा आहे. 'मला राग आला' लिहिताना लाज वाटते. 'सून म्हणे' लिहिलं की ती कुणीतरी बाई होते, आणि तिच्यावर दया करता येते.

सून म्हणे आता । राग आला फार ।
फिल्टर धुणार । मग रडू ॥

मशीनचा फिल्टर दर आठवड्याला धुवावा लागतो. त्या दिवशी तो राहिला होता.

जनाबाईंबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. 'दळितां कांडितां, तुज गाईन अनंता' म्हणणारी ही बाई विठ्ठलाला आपल्या जात्याशी बसवते, त्याच्याकडून दळून घेते. लहानपणी ती भक्तीची गोष्ट वाटायची. आता वाटतं, सगळ्यांचं करणाऱ्या बाईला आपलं करणारं कुणीतरी हवं होतं आणि तिनं ते ओळीत आणून बसवलं.

आता जिथं उपयोग झाला नाही ते सांगते. भाद्रपदात एका रात्री वीज गेली. मशीन बंद. सिलिंडर होता, पण त्याची चावी जागेवर नव्हती. ती सापडेपर्यंत ऑक्सिजन ८१ वर आला. ओठ निळसर झाले. त्या रात्रीचं मी पुढं पाच-सहा वेळा मापात लिहायला बसले, आणि प्रत्येक वेळी ते सुंदर व्हायला लागलं. यमक आलं की भीती पळून जायची. सगळं खोडलं. त्या पानावर आता एवढंच आहे : २.१० वीज गेली. २.१४ चावी. २.१६ सिलिंडर सुरू. ८१. २.३० ला ८९. ज्यांना हे माप वापरायचं असेल त्यांना माझं सांगणं आहे, की काही रात्री उजव्या पानावरच राहू द्या. आणि सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीनं बांधा.

उपमांनीही मला फार साथ दिली नाही. भेटायला येणारे प्रेमानं म्हणतात, आजी लढताहेत. सासूबाई मान हलवतात आणि ते गेल्यावर म्हणतात, "लढाय... ताकद लागती." मी वहीतून लढाई काढून टाकली. दिवा आणि वारासुद्धा काढला, तो फार जणांनी वापरलाय. राहिली ती त्यांची स्वतःची एकच उपमा. थंडीत, पौषात, छातीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "ओली लाकडं... घातल्यात कुणी." धूर आहे आणि जाळ नाही, असं म्हणायचं होतं त्यांना. जिनं चूल फुंकली तिलाच ते सुचू शकतं.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलेला व्यायाम आहे : नाकानं आत घेताना दोन मोजायचे, ओठांचा चंबू करून बाहेर सोडताना चार. सहाच्या दिवशी आम्ही दोघी मिळून तो करतो. आकड्यांऐवजी मी चौथे चरण म्हणते, 'आणि मन', 'झोपलेली', 'मग रडू', एकेका अक्षराला एक अशा चालीनं, आणि त्या तेवढा श्वास सोडतात. 'मग रडू' आला की त्यांच्या डोळ्यांत हसू येतं. दम लागल्यावर हे करू नका, तेव्हा नुसतं पाठीवर हात ठेवून बसायचं असतं.

कुणी वापरावं? ज्याच्या हातात आधीच नोंदींची वही आहे त्यानं. वेगळी सुंदर डायरी आणू नये, ती उघडली जात नाही. झोप मिळत नसेल तर आधी झोपेची सोय लावा, पाळीला माणूस शोधा. ओवीनं झोप येत नाही. शब्द सुचत नसतील तर आजारी माणूस जे बोललं तेच लिहा आणि अक्षरं मोजा. मोजण्यात हात गुंतला की रडू थोडं लांबणीवर पडतं, निदान माझं पडतं.

पुढं वापरणार का? हो. जुनी वही भरत आली म्हणून परवा दोनशे पानी आणली. सासूबाईंनी ती हातात घेऊन पहिलं पान उलगडलं, त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "हे माझं. पहिली माझी ओवी... मी सांगीन. दम आला की." मी पान दोनपासून सुरुवात केली आहे. काल चारचा दिवस होता, आज पहाटे पाच वाजता ९१, दोन लिटर. पहिलं पान अजून कोरं ठेवलंय.