वेगाचा आकडा पक्का, बॅटिंगचा आकडा कच्चा : एका बेसबॉल चाचणी शिबिराचे परीक्षण

दिवाळीनंतर मैदाने पुरती सुकल्यावर दापोली परिसरात एका खासगी संस्थेने शाळकरी मुलांसाठी दोन दिवसांचे बेसबॉल गुणवत्ता-चाचणी शिबिर घेतले. क्रीडाशिक्षक म्हणून मी शाळेतली काही मुले घेऊन तिथे गेलो होतो. शुल्क एका बऱ्यापैकी ग्लोव्हच्या किमतीएवढे होते आणि त्या बदल्यात प्रत्येक मुलाच्या हाती चेंडूफेकीचा वेग, बॅटिंगची सरासरी आणि तज्ज्ञांनी दिलेली श्रेणी असा छापील अहवाल पडला. माझा रोख चाचणीच्या पद्धतीवर असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही. मात्र हा अहवाल हाती घेऊन पालक मुलाच्या पुढच्या दोन-चार वर्षांचे निर्णय घेतात, म्हणून त्यातला कोणता आकडा किती वजनाचा आहे हे नीट सांगणे मला आवश्यक वाटते.

शिबिराची सर्वांत जमेची बाजू म्हणजे वेगमापन. आमच्याकडची मुले टेनिस बॉलच्या स्पर्धांत वाढलेली असतात आणि सीमारेषेवरून यष्टीपर्यंत सपाट फेक करणारे हात गावोगाव सापडतात. पण ‘याचा हात जोरदार आहे’ यापलीकडे त्यांची नोंद कुठेच होत नाही. इथे प्रथमच त्या हातांपुढे आकडा आला. स्पीड गन कॅचरच्या (चेंडू झेलणाऱ्याच्या) पाठीमागे जाळीआड, पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) हाताच्या सरळ रेषेत धरली होती, प्रत्येक मुलाला आधी अंग मोकळे करू दिले जात होते आणि प्रत्येक फेकीचा आकडा मोठ्याने सांगून लगेच कागदावर उतरवला जात होता. ही शिस्त मला मनापासून आवडली.

मात्र ती दिवसभर टिकली नाही. दुपारनंतर पश्चिमेचे ऊन डोळ्यांवर येऊ लागले, तेव्हा गन धरणारा मुलगा पहिल्या बेसच्या (धावण्याच्या पहिल्या टप्प्याच्या) बाजूला सरकला, आणि सकाळी ताशी ११२ किलोमीटरची फेक करणारा आमचा अकरावीतला विद्यार्थी एकदम १०४ वर आला. तो हिरमुसला, हात दुखतो का, असे मीही त्याला विचारले. प्रत्यक्षात त्याच्या हाताला काहीच झालेले नव्हते. रडार गन चेंडूच्या वेगाचा फक्त तेवढाच भाग पाहते जो सरळ तिच्या दिशेने येतो; १० अंश बाजूला उभे राहिले तर आकडा दीड टक्क्याने घटतो, २० अंशांना सहा टक्क्यांनी आणि ३० अंशांना तब्बल तेरा टक्क्यांनी. बावीसेक अंशांच्या कोनातून ११२ चे १०४ होणे हे साधे गणित आहे. मी ते कागदावर मांडून दाखवल्यावर आयोजकांनी ती नोंद रद्द करून दुसऱ्या दिवशी सकाळी फेक पुन्हा घेतली. चूक लगेच मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा शिबिराच्या खाती जमा धरला पाहिजे.

वेगाबाबत आणखी एक गोष्ट अहवालात छापायला हवी होती, ती म्हणजे चेंडू नेमका कुठे असताना वेग मोजला. हातातून सुटलेला चेंडू १८.४४ मीटरवरच्या होम प्लेटपाशी, म्हणजे फटका मारणारा उभा असतो तिथे, पोहोचेपर्यंत हवेच्या विरोधाने सुमारे आठ ते दहा टक्के वेग गमावतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमधला पिचर नोलन रायन याच्या फेकीचा १९७४ मध्ये नोंदला गेलेला ताशी १००.९ मैलांचा वेग प्लेटच्या जवळ मोजलेला होता, तर तिथलाच पिचर आरोल्डिस चॅपमन याचा २०१० मधला १०५.८ मैलांचा, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटरचा, विक्रम चेंडू हातातून सुटतानाचा आहे. त्यामुळे हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आमच्या मुलांच्या बाबतीतही तेच आहे. यंदाचा आकडा हाताजवळचा आणि पुढच्या वर्षीचा प्लेटजवळचा असेल, तर वर्षभर मेहनत केलेला मुलगा कागदावर मागे पडलेला दिसेल. त्यातच इथे पिचरला सपाट जांभ्या मातीवरून फेकावे लागले. नियमानुसार पिचरचा उंचवटा १० इंचांचा असतो. संस्थेने निदान मातीच्या पोत्यांवर फळी टाकून तात्पुरता उंचवटा करायला हवा होता.

वेगाने दार उघडते, हे खोटे नाही. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंग २००८ मध्ये भारतात झालेल्या एका शोधमोहिमेत ताशी ८७ मैलांच्या, म्हणजे १४० किलोमीटरच्या फेकीवर पहिला आला, आणि त्याच वर्षी त्याला व मोहिमेतल्याच दिनेश पटेलला पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन व्यावसायिक संघाने करारबद्ध केले. ज्याने तोवर बेसबॉल खेळलेलाच नव्हता अशा मुलाला केवळ हातातल्या जोरावर ही संधी मिळाली, याचे मोल फार मोठे आहे. पण दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक पातळीपर्यंत, पोहोचले नाही, हेही पालकांना त्याच दमात सांगितले पाहिजे. उलट वेगासाठी कधीच न ओळखल्या गेलेल्या ग्रेग मॅडक्स या मेजर लीगमधल्या पिचरने नेमकेपणाच्या बळावर ३५५ सामने जिंकले आणि १९९२ ते १९९५ अशी सलग चार वर्षे सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला. शिबिराच्या अहवालात ‘फेकींपैकी स्ट्राइक (म्हणजे नेमक्या टप्प्यातल्या फेकी) किती’ हा रकानाच नव्हता. माझ्या मते तो वेगाच्या शेजारीच असायला हवा.

आता बॅटिंगकडे वळतो. इथे मात्र मला शिबिराची बाजू घेता येत नाही. प्रत्येक मुलाला दहा संधी देऊन त्यातल्या हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, मोजल्या गेल्या आणि त्यावरून .६०० किंवा .२०० अशी सरासरी छापली गेली. बेसबॉलमध्ये .३०० ची सरासरी उत्तम मानतात. टेड विल्यम्स या फलंदाजाने १९४१ मध्ये .४०६ केल्यानंतर मेजर लीगच्या अमेरिकन वा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात कोणी .४०० गाठलेले नाही. दहा संधींत एक हिट कमी-जास्त झाली की सरासरी शंभर गुणांनी, म्हणजे .१०० ने, हलते. ज्याची खरी कुवत .३०० ची आहे अशा खेळाडूला दहापैकी पाच किंवा अधिक हिट मिळण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते, आणि एक किंवा शून्य हिट मिळण्याची शक्यताही जवळपास तेवढीच. म्हणजे एकाच कुवतीची दोन मुले निव्वळ योगायोगाने एक गुणवान आणि दुसरा निकामी ठरू शकतात. व्यावसायिक खेळाडू १६२ सामन्यांच्या हंगामात सहाशेच्या आसपास वेळा फटका मारायला प्लेटवर येतो, तरीही जाणकार त्याच्या एका वर्षाच्या सरासरीवर विसंबून राहत नाहीत.

शिवाय त्या हिट कशा मिळाल्या, हेही मी जवळून पाहिले. चेंडू टाकणारे प्रशिक्षक अलीकडे येऊन हलक्या हाताने फेकत होते आणि क्षेत्ररक्षणाला नवखी मुले उभी होती. दुसऱ्या बेसजवळ सरळ हातात आलेला जमिनीवरचा चेंडू एका मुलाच्या ग्लोव्हवर आपटून बाहेर पडला आणि तो फटका हिट म्हणून लिहिला गेला. नियमाप्रमाणे ती क्षेत्ररक्षकाची चूक धरायला हवी होती. दुसरीकडे, वाईट चेंडू सोडून देण्याचे कसब असलेल्या एका विद्यार्थिनीने संयमाने चेंडू सोडले, तर ‘मार ना, मार’ असे बाहेरून ओरडणे सुरू झाले. बेसवर पोहोचण्याचे प्रमाण मोजताना वॉकही (चार वाईट चेंडू सोडल्यावर मिळणारा पहिला बेस) धरतात आणि कित्येक संघ त्याला सरासरीहून जास्त किंमत देतात. तिच्या अहवालात या गुणाचा मागमूस नाही. त्यापेक्षा बॅटला लागून चेंडू किती वेगाने निघाला हे त्याच स्पीड गनने मोजले असते, तर थोड्या फटक्यांतही काही खरे हाती लागले असते. टेनिस बॉलवर आडव्या बॅटने मारायची सवय असलेली आमची मुले त्यात नक्कीच चमकली असती.

श्रेणीबाबत एक खुलासा पालकांसाठी. अहवालातली २० ते ८० ही स्काउट मंडळींची, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांची, रूढ मोजपट्टी आहे. तिच्यात ५० म्हणजे मेजर लीगमधल्या खेळाडूची सरासरी पातळी. आमच्याकडे तो आकडा दहावीच्या गुणांसारखा वाचला गेला, आणि ३० मिळालेल्या मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, ‘सर, नापास झाला का हो?’ पंधरा वर्षांच्या मुलाला आज ३० मिळणे यात खेदाचे काही नाही. स्काउट आजची श्रेणी आणि अपेक्षित श्रेणी अशा दोन श्रेणी देतात. इथे एकच छापली होती आणि ती कोणती, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप फेकींच्या संख्येला आहे. अजून एक, अजून जोरात, असे म्हणत मुलांकडून पूर्ण ताकदीने फेकी करून घेतल्या गेल्या आणि कोणाच्या किती झाल्या याची नोंद ठेवली गेली नाही. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने सामन्यात ३१ ते ४५ फेकी केल्या तर एक दिवस आणि ४६ ते ६० केल्या तर दोन दिवस विश्रांती घ्यायची असते. ११-१२ वर्षांच्या मुलाला तर एका दिवसात ८५ च्या पुढे जाऊच देत नाहीत. वाढत्या वयातल्या कोपराचे आणि खांद्याचे दुखणे उशिरा लक्षात येते. पावसाळ्याचे चार महिने हात जवळजवळ बंद ठेवून एकदम पूर्ण जोर लावणाऱ्या कोकणातल्या मुलांना तर हा धोका अधिक आहे. दुसऱ्या दिवशी मी आमच्या मुलांच्या फेकी स्वतः वहीत मोजल्या आणि तिशी भरताच प्रत्येकाला थांबवले. आयोजकांनी त्याला हरकत घेतली नाही.

चौदा वर्षांपुढच्या आणि फेकीत खरोखर रस असलेल्या मुलासाठी हे शुल्क मी पुन्हा भरेन. निव्वळ बॅटिंगच्या मूल्यमापनासाठी मात्र भरणार नाही. तेवढ्या पैशांत शाळेसाठी चेंडू घेऊन वर्षभराची गुणनोंद वही ठेवणे अधिक उपयोगी पडेल. मुलाला पाठवायचे ठरलेच, तर नाव नोंदवतानाच प्रत्येक फेकीची मूळ नोंद मागून घ्यावी, गन कुठे धरणार आहेत हे विचारावे आणि फेकींची कमाल मर्यादा लेखी ठरवून घ्यावी.