ऑक्सफर्डच्या कोशात 'पेपर' शोधताना

'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' आपल्या किती उपयोगाची आहे हे जोखायचे असेल, तर अवघड शब्दांऐवजी मराठीत रोज वावरणारा 'पेपर' काढून पाहावा. आपला पेपर सकाळी दारात पडतो, परीक्षेत अवघड जातो आणि अधूनमधून फुटतोही. वर्तमानपत्र आणि प्रश्नपत्रिका हे दोन्ही अर्थ कोशात आहेतच; पण त्यांच्याआधी येतो तो साधा कागद, आणि खरी मेख तिथेच आहे.

कागद या अर्थी हे नाम मोजता येत नाही, म्हणून त्यापुढे 'यू' (अनकाउंटेबल) हे अक्षर छापलेले असते, तर वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका आणि शोधनिबंध या मोजता येणाऱ्या अर्थांपुढे 'सी' (काउंटेबल). कोरा कागद मागताना आपली मुले सर्रास 'गिव्ह मी अ पेपर' म्हणतात. तिथे 'अ शीट ऑफ पेपर' हवे, हे त्या एकाच अक्षरात दडलेले आहे. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा कोश मुळात जपानमधील विद्यार्थ्यांसाठी रचला आणि तो १९४२ मध्ये तिथेच प्रसिद्ध झाला. परक्या शिकणाऱ्याची अडचण ओळखून केलेल्या या खुणा त्या काळापासूनच्या आहेत. दुर्दैवाने त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १९८७ च्या 'कॉलिन्स कोबिल्ड' या दुसऱ्या इंग्रजी कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिल्यामुळे शब्दाचा वापर आपोआप नजरेखालून जातो, आणि नवशिक्यासाठी मला ती पद्धत उजवी वाटते.

ब्रिटिश आणि अमेरिकी वापरातला फरक मात्र ऑक्सफर्डने उत्तम दाखवला आहे. प्रश्नपत्रिकेला पेपर म्हणणे ही ब्रिटिश रीत. अमेरिकी विद्यापीठातला प्राध्यापक पेपर मागतो तेव्हा त्याला विद्यार्थ्याने लिहून आणलेला निबंध हवा असतो, ही गोष्ट तिकडे शिकायला निघालेल्याने जाण्याआधीच वाचलेली बरी. 'पेपर्स' म्हणजे कागदपत्रे आणि 'ऑन पेपर' म्हणजे कागदोपत्री, इथे मराठी माणूस अडखळत नाही.

संकेतस्थळावर हा कोश विनामूल्य पाहता येतो आणि उच्चारही ऐकता येतात, त्यामुळे जाडजूड छापील प्रत प्रत्येकाने घ्यावी असे मी म्हणणार नाही. शिवाय व्याख्या इंग्रजीतूनच असल्याने शाळेतल्या लहान मुलांना त्यासोबत इंग्रजी-मराठी कोश द्यावाच लागेल.