जुन्या ट्रॅक्टरला गिअर रिडक्शन सेल्फ: पैसे मोजण्याआधी मीटर लावा

महिंद्रा 475 किंवा 575, मॅसी 1035 अशा जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) रेंगाळायला लागला की दुकानदार हल्ली काउंटरवर एक छोटीशी चकचकीत वस्तू काढून ठेवतो: गिअर रिडक्शन सेल्फ. वस्तू चांगली आहे, यात वाद नाही. पण ती घेणाऱ्या बऱ्याच जणांचा जुना सेल्फ मुळात बिघडलेलाच नसतो. बिघाड बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या चार-पाच फूट केबलीत असतो आणि नवा सेल्फ लावताना लग (केबलीच्या टोकांचे धातूचे कान) घासून घट्ट केले जातात, म्हणून गुण नव्या सेल्फच्या नावावर जमा होतो.

जुन्या सेल्फमध्ये बेंडिक्स (पिनियन पुढे सरकवणारा भाग) आर्मेचरच्याच, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याच्याच दांड्यावर असतं. मोटर जितके फेरे मारते तितकेच पिनियन, म्हणजे इंजिनच्या फ्लायव्हीलला फिरवणारा छोटा गिअर, मारतो. रिडक्शनमध्ये मोटर लहान, पण ती फार जोरात पळते आणि पुढचे प्लॅनेटरी गिअर तो वेग साधारण चौथाईवर आणून जोर वाढवतात. त्यामुळे करंट कमी लागतो आणि अर्धवट उतरलेल्या बॅटरीवरही इंजिन फिरतं. डिझेलला हा वेग महत्त्वाचा. इंजिन सावकाश फिरलं तर सिलेंडरमधली हवा पुरेशी तापत नाही, पांढरा धूर निघतो पण इंजिन पेट घेत नाही. थंडीत पहाटे ऊस भरायला निघणाऱ्यांना हा अनुभव सांगायला नको.

आता तपासणी. लागतो फक्त साधा डिजिटल मीटर. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर बॅटरीला मीटर लावा: 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकी सगळं नंतर. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, चाकापुढे कोणी नाही हे बघून इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरा आणि सेल्फ मारा. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर 9.6 च्या खाली आकडा गेला तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ आतून घासतोय. मात्र बॅटरी 11 च्या वर टिकून असताना सेल्फ रेंगाळत असेल, तर वीज वाटेत अडते आहे.

कुठे अडते ते असं सापडतं. मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लस खुंटावर (क्लँपवर नव्हे, खुद्द शिशावर), काळी तार सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा जाड विजेचा स्विच) बॅटरीची केबल येते त्या जाड बोल्टवर, सेल्फ मारा. 0.5 व्होल्टपर्यंत चालेल. दीड-दोन व्होल्ट दिसले तर केबल, लग किंवा क्लँप खराब. तसंच मायनस खुंटापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मोजा, इथे 0.3 पेक्षा जास्त नको. जुन्या ट्रॅक्टरवर हीच बाजू जास्त दगा देते, कारण अर्थिंगचा पट्टा रंगावर, ग्रीसवर नाहीतर गंजलेल्या बोल्टखाली बसवलेला असतो. रंग खरवडून धातू उघडा करा, लग घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. केबल बदलायचीच असेल तर 50 चौरस मिमीची तांब्याची घ्या. बाजारात वरून तांबं आणि आत अॅल्युमिनियम अशी केबल सर्रास मिळते. टोक तासून पाहिलं की पांढरी निघते.

नुसता एक 'टक' आवाज येऊन पुढे काहीच होत नसेल, तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर मीटर ठेवून किल्ली फिरवा. जवळपास पूर्ण 12 व्होल्ट दिसले तर आतली तांब्याची चकती आणि बोल्टांची तोंडं जळली आहेत. चकती उलटवून आणि बोल्ट अर्धा फेरा फिरवून कोरी बाजू पुढे आणता येते. टोपी उघडण्याआधी तिच्यावरच्या बारीक तारांचं सोल्डर सोडवा, घाईत ओढली की कॉइलची तार तुटते. एकसारखी कटकट होत असेल तर संशय आधी उतरलेल्या बॅटरीवर आणि अर्थिंगवर, मग सोलेनॉइडच्या धरून ठेवणाऱ्या कॉइलवर. आणि किल्लीला सेल्फ कधी दाद देतो, कधी देत नाही, अशी तऱ्हा असेल तर किल्लीकडून येणाऱ्या बारीक वायरला मोजा. न्यूट्रल स्विचमधून (गिअर न्यूट्रलला असेल तरच सेल्फ फिरू देणारा) फिरून येणाऱ्या जुनाट वायरीत दोन व्होल्ट सहज हरवतात. तिथे एक हेवी ड्युटी स्टार्टर रिले बसवला की काम भागतं, सेल्फला हात लावायची गरज नाही. सोलेनॉइडवर पाना आडवा टाकून ट्रॅक्टर चालू करायची सवय मात्र मोडा. त्यात न्यूट्रल स्विच बाजूला पडतो आणि गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर सरळ अंगावर येतो.

हे सगळं ठीक निघालं, तरच सेल्फ उतरवा (आधी बॅटरीची मायनस केबल काढून). कार्बन (फिरत्या गाभ्याला वीज पोचवणारे ब्रश) 8 मिमीपेक्षा आखूड झाले असतील तर बदला. कम्युटेटर (कार्बन जिथे घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची गोल जागा) काचपेपरने साफ करा, एमरीने नको, तिचे कण फटीत रुततात. आर्मेचरवर घासल्याची चकाकी दिसली तर बुश (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) झिजलेत. नवे ब्राँझचे बुश बसवण्याआधी 24 तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावे लागतात. बरेच कारागीर हे टाळतात, आणि असा कोरडा बसवलेला बुश फार दिवस टिकत नाही. मोटर फिरते पण इंजिन हलत नाही, असं असेल तर बहुधा बेंडिक्सचा क्लच घसरतोय. ही कामं तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिशियन दिवसात करून देतो, सुटे भाग मिळतात, खर्च नव्या सेल्फपेक्षा बराच कमी.

मग रिडक्शन सेल्फ घ्यायचा कोणी? ज्यांचं आर्मेचर किंवा फिल्ड कॉइल (मोटरच्या कवचातली तारेची गुंडाळी) जळली आहे त्यांनी. आमच्या मते रिवाइंडिंगच्या भानगडीत पडण्यापेक्षा हा सौदा बरा. त्याआधी फ्लायव्हीलची दातेरी रिंग, जिच्यात पिनियन अडकतो ती, बघाच. इंजिन थांबताना ठराविक जागीच थांबतं: चार सिलेंडरला दोन ठिकाणी, तीन सिलेंडरला तीन ठिकाणी. दात तिथेच झिजतात. कधी खर्रर्र आवाज, कधी नीट सुरू, अशी लक्षणं रिंगची. इंजिन हाताने थोडं फिरवून सेल्फ लगेच लागत असेल तर निदान पक्कं. झिजलेल्या रिंगवर नवा सेल्फ लावला तर त्याचा पिनियनही खराब होतो, आणि रिंग बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो.

दुकानात जाताना जुना सेल्फ सोबत न्या. पिनियनचे दात मोजा, फिरण्याची दिशा, फ्लँजची भोकं आणि बसायच्या गोल खांद्याचा व्यास जुळवा. नुसतं '575 ला चालतो' यावर जाऊ नका, एकाच मॉडेलला वेगवेगळ्या काळात वेगळे सेल्फ लागलेले असू शकतात.

उणिवाही आहेत. बऱ्याच रिडक्शन सेल्फमध्ये फिल्ड कॉइलऐवजी चुंबक असतात. अडकलेल्या कार्बनला जागं करायला जुन्या सेल्फवर हातोडी टिचकवायची युक्ती इथे महागात पडते, चुंबक तडकतो किंवा सुटतो. गिअरमधलं ग्रीस पाण्याने धुतलं गेलं तर गिअर खातात, म्हणून भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरसाठी आम्ही अजूनही जुन्या पद्धतीच्या सेल्फलाच पसंती देऊ. आतले गिअर सुटे मिळणंही अवघड, त्यामुळे बिघडला की बहुतेक वेळा अख्खाच बदलावा लागतो. आवाज बारीक, शिट्टीसारखा येतो. तो दोष नाही.

घेताना छापील बिल, त्यावर सेल्फचा नंबर आणि वॉरंटीचा शिक्का मागून घ्या. खोक्यावर ओळखीचं नाव आणि सेल्फच्या पट्टीवर भलताच नंबर असेल तर तो तिथेच परत करा. बसवल्यावर एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही तर चूक डिझेलच्या बाजूला शोधा: लाइनमध्ये हवा, तुंबलेला फिल्टर, नाहीतर पूर्ण आत न गेलेला बंद करायचा नॉब.